शेवटचं पान आप्पांकडे

आप्पांना ढीगभर गोष्टींचा शेवट पाठ होता आणि सुरुवात एकीचीही वाचलेली नव्हती. यात त्यांना काडीचा कमीपणा वाटत नसे. पाटोद्याच्या बसस्टँडसमोर त्यांचं किराणा दुकान होतं. आत डाळ, मीठ, खोबरं, चहापत्ती आणि बाहेर दाराशी आडव्या सुतळीवर चिमट्यांनी टांगलेली कॉमिक्स. ती विकायला नव्हती, भाड्याने होती, आणि त्यातल्या प्रत्येकाचं शेवटचं पान कापलेलं होतं.

बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, म्हणजे फाटकी पुस्तकं द्यायचे का तुमचे आप्पा? फाटकी नव्हेत हो, कापलेली. नवा गठ्ठा आला की आप्पा दाढीचं पातं घ्यायचे, मांडी घालून बसायचे आणि एकेका कॉमिकचं शेवटचं पान शिवणीपासून इतकं सफाईने सोडवायचे की बाकीच्या पुस्तकाला पत्ता लागत नसे. पानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायची, कॉमिक्स सुतळीवर. पोरगं कॉमिक घरी नेऊन वाचायचं आणि ऐन मोक्याच्या जागी, नायकाच्या मानेला सुरी लागलेली असताना, पुस्तक संपायचं. मग काय, झक मारत दुकानात परत यायचं. आप्पांचं एकही कॉमिक बुडत नसे ते त्यामुळे.

पण परत आल्यावर लगेच पान मिळालं असतं तर ते आप्पा कसले. दुकानाच्या फळीला टेकून उभं राहायचं आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. आप्पा समोर कुणाला तरी अर्धा किलो तूरडाळ तोलून देत असायचे. तराजूवरची नजर न काढता ते मधूनमधून एकच शब्द बोलायचे, "मंग?" गोष्ट पटली तर डबा उघडायचा, पान हातात यायचं. ते तिथेच उभ्याने वाचायचं आणि परत द्यायचं. गोष्ट पटली नाही तर डब्याचं झाकण हलत नसे.

स्वतः कॉमिक वाचायचं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. त्यांचा एक नियम होता, दुकानातल्या मालाला दुकानदाराने तोंड लावायचं नाही. बरणीतली लिमलेटची गोळी त्यांनी कधी खाल्ली नाही, गुळाचा खडा तोंडात टाकला नाही आणि कॉमिकही वाचलं नाही. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, आप्पा, पण शेवटचं पान तर तुम्ही वाचता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच तोंड उघडलं असं झालं. "त्ये माल न्हाई बे," ते म्हणाले, "त्यो जामीन हाय. जामीन बगून घ्यावा लागतो." मी पुढे वकील झालो. माजलगावच्या कोर्टात आज इतकी वर्षं उभा राहतोय, पण जामिनाची याहून सोपी व्याख्या मला कुणी सांगितलेली नाही.

आप्पा दिसायला कॉमिकमधल्या खलनायकांसारखे होते, हे आम्हा पोरांचं एकमताने ठरलेलं होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, दारातून आत शिरताना आडवं व्हावं लागेल असे खांदे आणि दोन्ही कान चेपून गोळा झालेले. तरुणपणी ते जत्रांमधून कुस्त्या मारत फिरायचे. लोक सांगायचे, आसपासच्या जत्रांमध्ये त्यांची पाठ लागल्याचं कुणाला आठवत नाही. एवढा मोठा गडी मिरच्या तोलायला कसा काय बसला, असं एखादं जुनं गिऱ्हाईक विचारायचंच. आप्पांचं उत्तर ठरलेलं. "लंबी गोष्ट हाय. शेवट तर तुमच्या म्होरं बसलाय." आतून त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आक्कांच्या, बांगड्यांचा आवाज यायचा आणि आप्पा पुडी बांधायला लागायचे.

खोटं बोलून पान मिळवणं अशक्य होतं, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे. एका डोंगरी दरोडेखोराची गोष्ट होती. मधली पानं मी घाईत उलटली होती, कारण सगळं जंगल नि झाडंच होती. फळीला टेकून मी दरोडा, पाठलाग, कडा असं दणक्यात सांगत सुटलो. आप्पा "मंग? मंग?" करत होते. मी कड्यावर आणून सोडलं आणि हात पुढे केला.

"कुत्रं?" आप्पा म्हणाले.

"कुठलं कुत्रं?"

"शेवटच्या पानात त्या बाईच्या मांडीवर कुत्रं हाय. तुज्या गोष्टीत कुत्रं कुठं हाय बे?"

आप्पांनी कॉमिक माझ्या हातात परत ठेवलं. मी घरी गेलो, ती सगळी झाडं पुन्हा पाहिली, आणि एका झाडाखाली लंगडं कुत्रं सापडलं. दरोडेखोर त्याला पाणी पाजत होता. अख्खी गोष्ट त्या कुत्र्यामुळेच घडत होती, आणि मी त्याला ओलांडून पुढे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मी कुत्र्यापासून सुरुवात केली. आज उलटतपासणीत साक्षीदार दणक्यात बोलायला लागला की मी शांतपणे कुत्रं शोधतो. सापडतं.

आमच्या वडिलांना कॉमिक्सचा भयंकर तिटकारा. एका बाजारच्या दिवशी ते छत्री घेऊन मला दुकानातून ओढून न्यायला आले. तेव्हा नेमका गफूर गोष्ट सांगत होता. गफूर माझ्याच वर्गातला, आणि गोष्ट सांगताना त्याला थांबवणं हे आप्पांनाही जमत नसे. वडील दारात उभे राहिले, गोष्ट संपायची वाट बघत. मग छत्री मिटली. मग खोबऱ्याच्या पोत्यावर टेकले. गोष्ट संपली, गफूरने पान वाचलं, परत दिलं आणि उड्या मारत निघून गेला. वडील घसा खाकरून आप्पांना म्हणाले, "ती पोरगी सापडली का शेवटी?" आप्पा म्हणाले, "गुरुवारी कॉमिक घिऊन जावा. वाचा. मंग येऊन सांगा." वडील लालबुंद झाले आणि मला ओढत घरी घेऊन गेले. गुरुवारी ते कॉमिक सुतळीवर नव्हतं, एवढं मी सांगू शकतो.

स्टँडवरच्या लोकांनाही हा नाद लागला होता. गोष्ट रंगात आली की कंडक्टर घंटीची दोरी धरून दुकानाकडे कान लावून उभा राहायचा, आणि गाडीतली माणसं उशीर झाला म्हणून ओरडायच्याऐवजी खिडकीतून विचारायची, "काय म्हनला? पुलावरून पडला का?" आमचा बब्या याच फळीवर बोलायला शिकला. बब्या म्हणजे बाबासाहेब, आता पंचायत समितीच्या राजकारणात आहे. त्याच्या सभांना गर्दी होते ती तो काय बोलतो म्हणून नाही, पुढे काय बोलणार म्हणून. प्रत्येक भाषणाचा शेवट तो राखून ठेवतो आणि म्हणतो, बाकीचं मतदानानंतर. निवडून येतो, हे कबूल केलं पाहिजे.

आता आम्ही तिघं पन्नाशीच्या आसपासचे बुवा. गफूरचं पाटोद्यातच मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्या काळच्या वाचकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, नाव 'शेवटचं पान'. त्यावर सकाळची फुलं कुणी टाकत नाही, त्यावर फक्त भांडण चालतं, आणि तेही एकाच विषयावर: कॉमिक्सचं सगळ्यात चांगलं साल कोणतं. बब्याच्या मते, ज्या साली आप्पांनी रद्दीवाल्याकडून पोतंभर कॉमिक्स एकदम उचलून आणली ते. माझ्या मते, मला कावीळ झाली ते, कारण तेव्हा मला कुणी अभ्यास कर म्हणत नव्हतं. गफूर सातवीत नापास झाला ते साल त्याला सोन्याचं वाटतं. तो म्हणतो, "यार, तुमी आठवीत गेलते. सगळी कॉमिक्स माझ्या एकट्यासाठी निवांत लटकून व्हती." या भांडणात वर्षानुवर्षांची मैत्री पणाला लागते. दोघे जण ग्रुप सोडून गेले आहेत, पण ते दर दिवाळीला परत येतात आणि पुन्हा सोडून जातात.

हा प्रश्न मी एकदा आप्पांनाच विचारला होता. त्यांनी फार विचार केला नाही. म्हणाले, "गावातली टीव्ही बंद पडलती, त्ये साल."

मग टीव्ही दुरुस्त झाला. घरोघरी टीव्ही आले. पोरं फळीशी यायची थांबली. आप्पांनी तक्रार केली नाही. सुतळीवरची कॉमिक्स हळूहळू विरली. काही पावसाने गेली, काही उंदरांनी खाल्ली, काहींत आक्कांनी जिऱ्याच्या पुड्या बांधल्या. राहिला तो पानांचा डबा. म्हणजे हिशेब असा झाला की आप्पांच्या दुकानात एकही गोष्ट उरली नाही, नुसते शेवट उरले.

त्या डब्यातलं एक पान मात्र इतरांपेक्षा वेगळं होतं. ते आप्पांखेरीज कुणीच कधी वाचलं नव्हतं.

ते दर्याबहाद्दरचं होतं. दर्याबहाद्दर आमचा जीव की प्राण. समुद्राच्या तळाशी राहणारा, निळ्या कपड्यातला, माशांशी बोलणारा वीर. आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. उन्हाळ्यात पाटोद्यात प्यायच्या पाण्याला टँकर येतो, आणि आम्ही टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहून लाटांच्या गप्पा मारायचो. त्याचा वैरी प्रोफेसर खेकडा. दर्याबहाद्दरची प्रत्येक गोष्ट एकाच जागी संपायची: खेकड्याचा कट उधळला जायचा, किनाऱ्यावरचे लोक हात हलवायचे, आणि तो पाठ फिरवून पाण्यात चालत जायचा. हे ठरलेलं असूनही आम्ही ते पान दर वेळी जीव मुठीत धरून वाचायचो.

या मालिकेचा शेवटचा अंक होता 'दर्याबहाद्दर आणि खारी शपथ'. आधीच्या अंकात त्याची जाहिरात आली होती आणि आमची झोप उडाली होती. गठ्ठा आला, आप्पांनी पातं चालवलं, पान डब्यात टाकलं, कॉमिक सुतळीला लावलं. आम्ही सगळे तेव्हा शाळेत. कुणाकडे तरी आलेला एक पाहुणा तेवढ्यात आला, कॉमिक भाड्याने घेतलं, आणि समोर लागलेल्या गाडीत बसून जे गेला ते गेला. पाटोद्याच्या माणसाला शेवटच्या पानाची ओढ असते हे त्या पाहुण्याला कुठून माहीत असणार? आप्पांच्या जामिनाचा कायदा गावाच्या हद्दीबाहेर चालला नाही. त्यांनी आयुष्यात गमावलेलं ते एकच कॉमिक.

आम्ही कितीदा तरी म्हटलं, आप्पा, निदान पान तरी दाखवा. शक्यच नाही. "आदी गोष्ट सांगा." अहो, पण गोष्ट कुणाकडेच नाही. "मंग पान बी न्हाई."

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मुलगा संभाजीनगरला न्यायला तयार होता, आप्पा तयार नव्हते. घरात आत झोपायलाही तयार नव्हते. शेवटी खाट दुकानातच टाकली, फळीच्या मागे. "गिऱ्हाइकाचं तोंड दिसाया पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. तराजू आक्कांनी घेतला. मी दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा त्यांचा चेहरा एकीकडे ओढला गेला होता, आवाज खोल गेला होता. त्या खांद्यांकडे बघवत नव्हतं. मला बसवून घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, एक राहिलंय."

मला वाटलं जमिनीचं काही असेल. म्हटलं, बोला आप्पा, कागद करून टाकू.

"कागद न्हाई. दर्याबहाद्दर." ते थांबून थांबून बोलत होते. "त्या मानसाचं आसं कसं झालं, एवढं कळाया पायजे. मंग वरून कवा बी बोलावू द्या."

"असं म्हणजे कसं, आप्पा? काय आहे त्या पानात?"

त्यांच्या चांगल्या बाजूचा डोळा एकदम पहिल्यासारखा झाला. "शेवट आदी इचारतो व्हय बे? वकील झाला तरी सुदरला न्हाई."

रात्री मी ते ग्रुपवर टाकलं, आणि पहिल्यांदाच कुणी भांडलं नाही. सगळे कामाला लागले. जुन्या कॉमिक्सचे नाद असलेले लोक सगळीकडे असतात. कुठल्या कुठल्या शहरांतून उत्तरं आली. दर्याबहाद्दर सगळ्यांकडे होता, 'खारी शपथ' कुणाकडेच नव्हता. कंपनी केव्हाच बंद पडलेली. एका गृहस्थांनी तर हा अंक छापलाच गेला नाही असं छातीठोक सांगितलं. गफूर त्यांना म्हणाला, "आमच्याकडं त्याचं शेवटचं पान हाय." गृहस्थांनी गफूरला ब्लॉक केलं. मग चकलांब्याचा एक जण म्हणाला, माझ्याकडे आहे, या. आम्ही तिघं बब्याच्या गाडीतून धावत गेलो. होता दर्याबहाद्दरच, पण आधीचा अंक, मी लहानपणी दोनदा सांगितलेला. त्या माणसाने चहा पाजला, तिखट शेव दिली आणि कॉमिक हातात धरू दिलं नाही.

आम्ही परतीला लागलो. आक्कांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं की आप्पा आता पातळ पेजसुद्धा नको म्हणतात. घाटाच्या वळणावर बब्याने गाडी कडेला लावली आणि म्हणाला, "आपुनच बनवू."

"काय?"

"गोष्ट. दर्याबहाद्दरचा शेवट आपल्याला म्हाईत न्हाई का? पाण्यात जातो. दर येळी जातो. तितपत्तर न्यायचं, बस."

मला ते पटत नव्हतं. खोटी साक्ष आहे ही, मी म्हणालो. गफूर म्हणाला, "तुज्या कोर्टात रोज काय चालतं मंग?" आणि खरं सांगायचं तर मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. तो माणूस एका गोष्टीसाठी अडून बसला होता, आणि आम्हाला त्याने दुसरं शिकवलं तरी काय होतं?

गफूरच्या दुकानात जळक्या मोटारींच्या मध्ये बसून आम्ही ती गोष्ट रचली. भांडणं विचारू नका. बब्याला दर्याबहाद्दरच्या तोंडी भाषण पाहिजे होतं. गफूर प्रोफेसर खेकड्याच्या पाणबुडीच्या मोटारीवर अडला, "खाऱ्या पाण्यात ही वाइंडिंग टिकंल का, आदी त्ये सांगा." खारी शपथ म्हणजे काय यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी ठरलं: समुद्राच्या राजाने दर्याबहाद्दरला घातलेली शपथ, की तुझा वैरी शरण आला तर त्याला मारायचं नाही. खेकडा शरण येतो, दगा देतो, वादळ, गुहा, स्फोट, आणि शेवटी किनारा. एक लंगडं कुत्रंही मी घातलं. म्हटलं, असू द्या, कुठे तरी लागेल.

बाजारच्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. बब्या, जो मंत्र्यासमोर माईक सोडत नाही, तो चपला काढून फळीला टेकून उभा राहिला.

"आप्पा, सापडली," तो म्हणाला. "खारी शपथ."

आप्पांनी डोळे उघडले. मान जराशी हलली. "सांग."

बब्याने सुरुवात केली. वादळ आलं, आणि बब्याही रंगात आला. गिऱ्हाइकं थांबली. पाणबुडी गफूरने सांगितली, आणि त्यात मोटारीचा दोष असा काही घातला की दारातला एक शेतकरी "आमच्या बोरची बी आशीच जळली" असं म्हणाला. आप्पा डोळे मिटून पडले होते. पण मध्येच, अगदी खोलातून, यायचं, "मंग?" तो शब्द ऐकला की आम्हाला चेव यायचा. शेवट माझ्याकडे होता. मी किनारा सांगितला. हात हलवणारे लोक सांगितले. दर्याबहाद्दर पाठ फिरवतो आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात जातो, मग कमरेएवढ्या, मग नुसती लाट. आप्पा, संपली.

आम्ही तिघं फळीला टेकून सातवीतल्या पोरांसारखे उभे. आता ते म्हणणार, कुत्रं कुठं हाय, हे मला हाडाहाडात माहीत होतं. कुत्रं होतं. तरी ते काहीतरी काढणारच. त्या माणसाने आयुष्यात एकाही पोराची चुकीची गोष्ट पास केली नव्हती.

आप्पांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"बरुबर हाय," ते म्हणाले. "तितंच येतंय."

गफूरने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. बब्या उगाच छताकडे बघत होता. मग नियमाप्रमाणे मी हात पुढे केला. आप्पा म्हणाले, "पान मंग देतो. डबा वर हाय, आक्काला चढता येत न्हाई." डबा त्यांच्या उशाशीच होता. आम्ही तो पाहिला, आणि तरीही कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही, इतके आम्ही खूश होतो.

त्याच आठवड्यात आप्पा गेले. त्यांच्यात, लिंगायतांत, माती देतात, तीही बसवून. विभूती लावून, मांडी घालून त्यांना बसवलं तेव्हा ते पातं घेऊन गठ्ठा सोडायला बसल्यासारखे दिसले. आप्पा आता "मंग" म्हणणार नाहीत, हे तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं, आणि मी भर माणसांत हमसून रडलो. गावाने वकिलाला रडताना पाहिलं. पाहू दे.

थोड्या दिवसांनी आक्कांनी आम्हा तिघांना बोलावलं. त्या आप्पांच्या जागी बसल्या होत्या, समोर तराजू. डबा त्यांनी फळीवर सरकवला. "तुमचं हाय म्हने. तुमी गोष्ट सांगितली."

सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, दर्याबहाद्दरचं पान होतं.

त्यात समुद्र नव्हता. किनारा नव्हता, खेकडा नव्हता, हात हलवणारे लोक नव्हते. एक छोटंसं किराणा दुकान होतं. फळीच्या मागे दर्याबहाद्दर बसला होता, त्याच निळ्या कपड्यात, नाकावर चष्मा. हातात तराजू. एका पारड्यात वजन, दुसऱ्या पारड्यात मीठ. समोर कापडी पिशवी धरून एक बाई उभी. आणि दर्याबहाद्दर हसत होता. खाली लिहिलं होतं, समाप्त.

पान तिघांच्या हातांतून फिरलं. मग गफूर हळूच म्हणाला, "आपल्या गोष्टीत दुकान कुठं हाय बे?"

बब्या पोत्यावर बसला. म्हणाला, "म्हंजी त्यान्ला कळलं व्हतं."

"मग बरुबर हाय म्हनले कावून?" गफूरने आक्कांना विचारलं.

आक्कांनी तराजूचं पारडं पदराने पुसलं. "तुमी गेल्यावर हसले. लई दिवसांनी हसले. म्हनले, पोरं अजून समुद्रावरच हायती. ऱ्हाऊ द्या."

आयुष्यभर ज्याने कुत्र्यावाचून पान दिलं नाही, त्याने मरताना आमची दुकान नसलेली गोष्ट मान्य करून टाकली, आमची तोंडं पडू नयेत म्हणून. आणि त्याला जे कळायला पाहिजे होतं ते न कळता तो गेला.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "न कळायला काय झालं? त्ये पान घिऊन मलाच इचारायचे, इतके वर्सं. एवढा मोठा गडी, हितं बसून हसतोय कावून? मी म्हनायची, मला काय म्हाईत, मीठ खपलं आसंल."

त्या पहिल्यांदाच थोड्या लाजल्या. पान स्वतःकडे ओढून घेतलं, चष्म्यातून त्या बाईकडे आणि तिच्या पिशवीकडे पाहिलं.

"आन तुमी पोरं सालाचं भांडता ना, कोन्तं चांगलं कोन्तं चांगलं? माज्या वडलाचं दुकान व्हतं ह्ये. त्या साली जत्रेत लई मोठी कुस्ती ठरलती. आदल्या दिशी एक पैलवान बदाम घ्याया आला. वडील न्हवते. तराजूवर मी बसलते."

त्या थांबल्या. आम्ही तिघंही फळीला टेकून उभे राहिलो होतो, बब्या पोत्यावरून कधी उठला ते कळलं नाही.

"मंग?" आम्ही म्हणालो.